बसा ना दोन मिनिटं!

‘ताई, फुलपाखरू बघ!’ मी ओरडले.

‘पतंग आहे तो,’ ताई शांतपणे म्हणाली.

आता पतंग म्हणजे रात्री ट्यूबलाइटभोवती धडपडणारा जीव, हा आपला फंडा क्लिअर! आणि हा तर एप्रिलच्या भर उन्हात नारिंगी पंख फडफडवत सुसाट चाललेला.

स्थळ : इंग्लंडमधलं न्यू फॉरेस्ट. निम्मं जंगल, निम्मं हेदरच्या बुटक्या झुडपांचं माळरान. लग्नानंतर ताई जवळच साउदम्प्टनला गेली, त्याला ६ वर्षं झाली. ती ‘ये ना गं’ म्हणत राहिली, मी डेडलाइन्स सांगत राहिले. शेवटी गेले, तेही मोजून ५ दिवस!

कॅमेरा घेऊन मी त्याच्यामागे धावले. फोटोत आला फक्त नारिंगी धूर.

‘पळू नकोस, बस,’ ताई म्हणाली. पतंग ओळखायची तिची पद्धत ऐका. आधी महिना बघायचा. उन्हात असाच उडणारा ओक एगर जुलै-ऑगस्टमधला, म्हणून बाद. फॉक्स मॉथ साधारण मे-जूनमधला. मग अँटेना. फुलपाखराच्या अँटेनांना टोकाशी गाठ असते, पतंगाच्या या नराच्या मात्र पिसांसारख्या. पण त्या दोघांच्या नरांनाही तशाच असतात ना! पक्का पुरावा एकच : चारही पंखांवर एकेक डोळा. तो दिसायला पतंग बसायला हवा. आणि आपणही.

बसलो. बऱ्याच वेळानं ताईनं बोट दाखवलं. हेदरवर एक मोठी, राखाडी मादी निवांत बसलेली. चार डोळे, अगदी स्पष्ट. एम्परर मॉथ! ती दिवसा जागची हलत नाही, फक्त गंध सोडते. नर तो शेकडो मीटरवरून ओळखून येतात. थोड्या वेळानं आमचा नारिंगी सुसाट बरोबर तिथेच उतरला. चार डोळे, सही!

‘आईची टसरची साडी आठवते?’ ताईनं विचारलं. गडचिरोलीत ते रेशीम देणारा पतंगही याच घराण्यातला. पंख फुटल्यावर दोघांनाही काही खाता येत नाही. जे काय करायचं ते थोड्याच दिवसांत.

मी गप्प. एका जागी थांबून बोलावत राहणारी आणखी एक जण शेजारीच बसली होती की!

रिटर्न तिकीट परवाचं होतं. संध्याकाळी ते ४ दिवस पुढे ढकललं आणि एडिटरला मेल टाकला. हा कॉलम म्हणूनच उशिरा पोहोचला. सॉरी, बॉस!