लहान दुकानदाराचा वाली कोण?

मद्यविक्रेत्याची कड घेऊन अग्रलेख लिहावा, हे आमच्या कित्येक वाचकांस रुचणार नाही. दारूचे गोडवे गाण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु जो धंदा सरकारच्याच परवान्याने चालतो आणि ज्याच्या महसुलाने तिजोरी भरते, त्यात न्याय असावा की नाही, हा प्रश्न मद्यपानाच्या प्रश्नाहून निराळा आहे.

मालवणसारख्या गावातील एखादे 'वाईन शॉप' घ्या. (नावात वाईन, फळीवर बहुतेक व्हिस्की आणि बिअर, असो.) बाटलीवर कमाल किंमत छापलेली, तिच्याहून अधिक घेता येत नाही. म्हणजे दुकानदाराची मिळकत घाऊक व्यापारी त्यास कोणत्या भावाने माल देतो यावरच ठरते. शंभर पेट्या उचलणाऱ्यास सूट आणि उधारी, पाच पेट्यांच्या गिऱ्हाइकास मात्र रोकड, असा व्यवहार झाला तर त्याने दाद कोठे मागावी? शिवाय पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्याची स्वस्ताई आहेच. जून 2025मध्ये महाराष्ट्राने विदेशी मद्यावरील शुल्क वाढविल्यावर ती अधिकच डोळ्यांत भरते.

अशातच जुलै 2025मध्ये वृत्त आले, की सत्तरच्या दशकापासून बंद असलेले दुकानांचे नवे परवाने मद्य बनविणाऱ्या कंपन्यांस देण्याचा विचार आहे, संख्या 328. विधिमंडळास विश्वासात घेतल्याखेरीज काही होणार नाही, असे आश्वासन मिळाले. ते आम्ही ऐकले. पण माल पुरविणाराच शेजारी दुकान थाटून बसला, तर तुटवड्याच्या दिवसांत पेटी प्रथम कोणाच्या दारी उतरेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

अमेरिकेने 1933मध्ये दारूबंदी उठविली, तेव्हा बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक व्यापारी आणि दुकानदार यांस कायद्याने अलग ठेवले. तेवढ्याने भागले नाही. मधला घाऊकवालाच अवाढव्य झाला. लहान दुकानांस मोठ्या साखळ्यांहून चढ्या भावाने माल विकल्याचा आरोप ठेवून तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर 2024मध्ये 'सदर्न ग्लेझर्स' या बड्या वितरकावर खटला भरला, तोही 1936च्या कायद्याखाली.

आपल्याकडे उत्पादकास दुकानाचा परवाना देऊच नये. घाऊक परवानेदाराने आपले दर, सूट आणि उधारीच्या अटी उत्पादन शुल्क खात्याकडे दाखल कराव्यात आणि त्या मालवणच्या दुकानदारासही पाहावयास मिळाव्यात. कोकणच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढे तरी विचारावे.