ऐकणाऱ्याचे गुपित

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या परिचयाचे एक तबल्याचे मास्तर आहेत. वय सत्तरीच्या पुढचे. उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागल्याचे त्यांनी घरीदेखील कोणास सांगितले नव्हते. वादकाच्या बाबतीत ही गोष्ट किती नाजूक असते हे सांगावयास नको. नुसती कुजबूज झाली तरी बोलावणी थांबतात. एका रात्री घरची मंडळी निजल्यावर त्यांनी नातवाच्या लॅपटॉपवर श्रवणयंत्रांची माहिती पाहिली, किमती पाहिल्या आणि लॅपटॉप मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच लॅपटॉप शिकवणीच्या खोलीत आला. एका विद्यार्थ्याने बंदिशीचे शब्द पाहण्यासाठी कुठलेसे पान उघडले, तो शब्दांच्या दोन्ही बाजूंस श्रवणयंत्रांच्या जाहिराती! सहा-सात मुले बसली होती. कोणी काही बोलले नाही. मास्तरांनी हातोडी उचलली आणि लागलेला तबला पुन्हा लावावयास घेतला.

हा प्रकार कसा घडतो हे आपल्या मंडळींनी समजून घेतले पाहिजे. यात चमत्कार काही नाही. संकेतस्थळाला स्वतःची आठवण नसते. आपण एक पान सोडून दुसरे उघडले की आपण त्याला नवखेच. ही अडचण दूर करण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तंत्रज्ञाने एक युक्ती काढली. देवळाबाहेर चपला ठेवताना आपल्याला क्रमांकाचा बिल्ला देतात, तसा एक बिल्ला संकेतस्थळाने आपल्या यंत्रात ठेवावा आणि पुढच्या खेपेस तो पाहून आपल्याला ओळखावे. याचेच नाव कुकी. इथवर तक्रारीला जागा नाही. शिष्याचा पाठ काल कोठे थांबला हे गुरूला आठवावे, तितकेच हे निर्दोष आहे.

घोटाळा तिऱ्हाइताच्या बिल्ल्याचा आहे. पानावरची जाहिरात बहुधा त्या संकेतस्थळाची नसते. ती दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रातून येते आणि येताना आपलाही बिल्ला ठेवून जाते. त्याच कंपनीच्या जाहिराती हजारो पानांवर असतात. औषधाच्या दुकानी, वर्तमानपत्रात, बंदिशींच्या संग्रहात, जेथे जाल तेथे ती हाच बिल्ला पाहते. तुमचे नाव तिला ठाऊक असण्याची गरज नाही. अमुक क्रमांकाचा बिल्लेवाला मध्यरात्री काय शोधीत होता एवढे तिला पुरते. डबलक्लिक नावाची कंपनी १९९६ पासून जाहिरातींचाच व्यवसाय करीत होती. २००७ साली गूगलने ती ३१० कोटी डॉलरना विकत घेण्याचे ठरविले. या व्यापाराचे मोल किती, याची त्यावरून कल्पना यावी. विशेष म्हणजे, तिऱ्हाइताचे असे बिल्ले ब्राउझरने आपण होऊन स्वीकारू नयेत असे तंत्रज्ञांनी १९९७ सालीच लिहून ठेवले होते. ब्राउझर बनविणाऱ्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

आमचे वडील राजवाड्यात सेवेस होते. सरकारस्वारीने कोणत्या रात्री काय ऐकावयास मागितले, कोणती चीज मध्येच थांबविली, कोणत्या रागाला डोळे भरून आले, हे सर्व त्यांनी समोर बसून पाहिलेले. आम्ही लहानपणी खोदून खोदून विचारीत असू. ते म्हणत, ‘‘गाणे विचार, शिकवतो. ऐकणाऱ्याचे विचारू नकोस.’’ माणूस एकान्तात काय ऐकतो, काय वाचतो, कशाची चौकशी करतो, यात त्याचे मन उघडे पडते, हे त्या पिढीला कोणी कायदा करून शिकविले नव्हते. आज राजाला जी अदब मिळत असे ती मास्तरांसारख्या सामान्य गृहस्थाला मिळू नये, आणि तिचा उलट बाजारभाव ठरावा, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

‘‘आम्ही तर परवानगी घेतो,’’ असे या कंपन्या म्हणतील. ही परवानगी म्हणजे पानाच्या तळाशी उगवणारी इंग्रजी पट्टी. स्वीकाराचे बटण ठळक, नकाराची वाट आडगल्लीतून. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामक मंडळाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला तो नेमका याचसाठी: होकार एका टिचकीत, नकाराला मात्र अनेक. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने, आधीच खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, असा निर्णय दिला होता.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू करण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्यात कुकी हा शब्द नाही. पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सर्व त्याच्या कक्षेत येते. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यासही, काही अपवाद वगळता, त्यात मनाई आहे. ज्या घरी आजी, सून आणि नात एकाच मोबाइलवर गाणे ऐकतात, तेथे हे कसे पाळले जाणार, कोण जाणे.

आम्हांस त्यातले दुसरे एक कलम अधिक महत्त्वाचे वाटते. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील बावीसांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे, असे ते सांगते. राज्याची अट त्यात नाही. म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या मराठी आजीबाईंनाही ती मराठीत मागता येईल. ती मागावी, आणि ती सरळ मराठीत असावी. कचेरीतल्या कोशातून उचललेली नको.

तोवर हातात आहे ते करावे. सफारीने मार्च २०२० पासून तिऱ्हाइतांचे बिल्ले सरसकट अडविले आहेत. फायरफॉक्सही ते आवरतो. क्रोमने २०२० साली तसेच वचन दिले आणि जुलै २०२४ मध्ये ते मागे घेतले, तेव्हा तेथे सेटिंगमध्ये जाऊन हे बिल्ले स्वतःच बंद करावे लागतात. पाच मिनिटांचे काम. अँड्रॉइड मोबाइलवर जाहिरातींसाठी एक वेगळा ओळखक्रमांक असतो, तोही पुसता येतो. एवढ्याने सारे पाळत ठेवणारे हटत नाहीत; आपण आपल्या नावाने खाते उघडून आत शिरलो की त्या कंपनीला बिल्ल्याची गरजच उरत नाही. खासगी खिडकी बंद करताच तिच्यातले बिल्ले जातात, तेव्हा दुखण्याखुपण्याची चौकशी तरी तेथे करावी.

वर्तमानपत्रे जाहिरातींवर जगतात हे आम्ही विसरलेलो नाही. ह्याच पानाच्या मागे साड्यांची जाहिरात असेल. पण ती वाचणाऱ्याकडे वळून पाहत नाही. याच दैनिकाच्या संकेतस्थळावर मात्र ती इंग्रजी पट्टी आहे आणि नकाराचे बटण शोधावे लागते. हा लेख देताना आम्ही व्यवस्थापकांस तसे लेखी कळविले आहे. उत्तर आल्यास याच जागी छापू.

मास्तरांच्या नातवाने त्यांचा लॅपटॉप दुरुस्त करून दिला. श्रवणयंत्र त्यांनी अजून घेतलेले नाही.