अंकविनोद : एकशें सत्तावीस घरांचा पट

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें दाणे दुप्पट करीत जाण्याची गोष्ट आमच्या वाचकांनीं लहानपणीं ऐकलीच असेल. पटाचीं घरें चौसष्टांऐवजीं १२७ असतीं, तर दाण्यांची एकंदर बेरीज अशी झाली असती :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

ही एकूणचाळीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. म्हणजे एक व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि पूर्ण संख्येनें तिला निःशेष भाग जात नाहीं. पण हें कळलें कसें? एकेक भाजक लावून पाहावयाचें, तर वर्गमूळापर्यंत जावें लागेल; आणि सेकंदास एक भागाकार उरकला तरी ४० हजार कोटींहून अधिक वर्षें लागतील!

इ. स. १६४४ मध्यें मर्सेन नांवाच्या फ्रेंच धर्मोपदेशकानें, २५७ पर्यंत किती घरें घेतलीं असतां बेरीज मूळ संख्या येते, याची यादी प्रसिद्ध केली. तींत १२७ हा आंकडा होता, तसाच ६७ हाहि होता. पुरावा मात्र दिलेला नव्हता.

पुढें १८७६ सालीं ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें भाजक न शोधतांच निर्णय करण्याची रीत काढली. अमेरिकन गणितज्ञ लेमर यांनीं नंतर ती सुलभ केली. पांच घरांची बेरीज ३१ घ्या. आरंभीं ४ मांडा. त्याचा वर्ग करून दोन वजा करा : १४. पुन्हा तसेंच : १९४, यास ३१ नीं भागून बाकी ८. पुन्हा : ६२, बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. घरांची संख्या विषम व मूळ असावी, आणि तींतून दोन वजा करून येतील तितक्या फेऱ्या कराव्या, इतकेंच पथ्य.

या परीक्षेंत १२७ विषयीं मर्सेन खरा ठरला. ६७ विषयीं खोटा. ६७ घरांच्या बेरजेचे अवयव, १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७, हे कोल या अमेरिकन गणितज्ञानें १९०३ सालीं दाखविले. वस्तु फुटते हें आधीं सिद्ध झालें, तुकडे सत्तावीस वर्षांनीं हातीं आले!

ल्यूकाच्या संख्येचा मोठेपणाचा मान १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशें वर्षें, टिकला. २०२४ सालीं यंत्रांच्या साह्यानें सांपडलेली मूळ संख्या ४ कोटी १० लक्ष २४ हजार ३२० अंकांची आहे. तीहि १३,६२,७९,८४१ घरांची बेरीजच असून तिची खात्री याच रीतीनें करून घेतली गेली.

थोरांचें वचन आदरणीय खरें. परंतु गणिताच्या दरबारीं आदर आणि प्रमाण यांचीं आसनें निराळीं आहेत. वाचकांनीं सात घरांची बेरीज १२७ घेऊन पाहावी. पांचव्या फेरींत बाकी शून्य येईल. मग अकरा घरांची २०४७ घ्यावी. नऊ फेऱ्या होऊनहि बाकी उरेल. तिचे अवयव कोणते, तें आम्ही सांगत नाहीं, मुलांनीं शोधावे.