याद्यांची खिदमत

मराठीत ‘सहन’ म्हणजे सोसणे. उर्दूत ‘सहन’ म्हणजे घराचे अंगण. श्रीलंकेतल्या सिंहली भाषेत मात्र ‘सहना’ म्हणजे दिलासा, मदत. हेच नाव तिथल्या संगणक अभियंत्यांनी आपल्या एका सॉफ्टवेअरला दिले. त्याची हकीकत आमच्या घराघरांतल्या इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी ऐकावी अशी आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. श्रीलंकेत सुमारे ३५ हजार माणसे गेली. सर्वाधिक बळी पूर्व किनाऱ्यावरच्या अंपारा जिल्ह्यात गेले. त्या जिल्ह्यात कलमुनेच्या आसपास कितीतरी गावे मुस्लिम वस्तीची, तमिळ बोलणारी आहेत. मदत तर जगभरातून आली, पण कुठल्या छावणीत किती माणसे आहेत, कुणाला औषध हवे, कुणाला दूध, हे एका जागी कुणालाच कळत नव्हते. अशा वेळी रस्त्याला लागून असलेल्या छावणीत तीन ट्रक उतरतात आणि आतल्या गावात एकही पोहोचत नाही. आई एका छावणीत असते, लेकरू दुसऱ्या.

कोलंबोतले सॉफ्टवेअर अभियंते स्वयंसेवक म्हणून एकत्र आले आणि अवघ्या काही आठवड्यांत त्यांनी ‘सहना’ चालू केले. आत होते काय? याद्या! हरवलेल्यांची, छावण्यांची, मदतीला आलेल्या संस्थांची आणि कुणाला काय हवे त्या मागण्यांची. दिसायला काम कारकुनी. पण नाव शोधणे किती अवघड असते ते शिक्षकाला विचारा. आमच्या हजेरीपटात एकाच ‘मोहम्मद’चे चार स्पेलिंग निघतात, तिथे तर सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन लिप्या.

या मंडळींनी ते सॉफ्टवेअर विकले नाही. त्याचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला: घ्या, वापरा, बदला. ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीर आणि सरहद्द प्रांतात भूकंप झाला. रमजान नुकताच सुरू झालेला, सकाळची वेळ, मुले शाळेत. सत्तर हजारांहून अधिक लोक दगावले. तिथल्या मदतकार्यात पाकिस्तानच्या सरकारी नोंदणी संस्थेने हेच ‘सहना’ वापरले. एका मुलखाच्या मातमातून तयार झालेली वस्तू वर्षभराच्या आत दुसऱ्या मुलखाच्या कामी आली. पुढे फिलिपाईन्समध्ये, २०१० साली हैतीच्या भूकंपातही ती गेली. देशोदेशीचे विद्यार्थी सुट्टीत तिच्यात भर घालत राहिले. ज्या इल्मचा लोकांना फायदा होत राहतो त्याचा सवाबही चालू राहतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सदका-ए-जारिया म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर विहीर येते, मशिदीची चटई येते. संगणकाचा कोड काही येत नाही.

अर्थात यंत्र ढिगारा उपसत नाही. छावणीत जाऊन, रडणाऱ्या बाईजवळ बसून नाव लिहून घेणारा कुणी नसेल तर पडदा कोराच राहणार. शिवाय अनाथ मुलांची यादी सर्वांना उघडी ठेवली तर मुले पळवणाऱ्यांचेच फावेल. ती अमानत आहे. तिला कुलूप हवे, आणि किल्ली कुणाकडे हेही आधीच ठरायला हवे.

आमच्याकडेही कोल्हापूर-सांगलीने २०१९ साली आणि चिपळूणने २०२१ साली महापूर पाहिला. पूर आला की मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून टेम्पो निघतात, माणसे स्वतःची कामे सोडून धावतात. त्यांच्या नेकीबद्दल शंका नाही. पण टेम्पो भरण्याआधी ‘तिथे नेमके काय कमी आहे?’ असा फोन किती कमिट्या करतात? मोठे सॉफ्टवेअर राहू द्या. जमातीच्या कार्यालयात एक वही पुरे: गाव, घरांची संख्या, काय हवे, काय पोहोचले. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी तीच वही मोबाईलवर आणील, म्हणजे शेजारच्या गावच्या कमिटीलाही ती दिसेल. पावसाळ्याच्या आधी हे सहज होण्यासारखे आहे.