पायवाटेवर हक्क कोणाचा?

महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात सुटीचा हंगाम सुरू झाला की एक जुने भांडण नव्याने पेटते. वेण्णा तलावाच्या काठी आणि पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना पाठीवर घेऊन घोडी धावू लागतात. पायी चालणारी माणसे अंग चोरून कडेला होतात, मुले दचकतात, वाटा लिदीने भरतात आणि पावसाळ्यात तीच घाण उतारावरच्या पाण्यात मिसळते. तक्रारी होतात, वर्तमानपत्रांतून पत्रे येतात, अधिकारी येऊन पाहणी करतात. सरतेशेवटी सभ्य समाजाचा निवाडा ठरलेला असतो : दोष घोडेवाल्याचा, तेव्हा त्याला हटवा!

हा निवाडा सोयीचा आहे, पण न्यायाचा नाही. पादचाऱ्याची तक्रार खोटी आहे, असा याचा अर्थ नव्हे. अरुंद वाटेवर घोडा उधळला तर इजा पायी चालणाऱ्यालाच होते आणि उतारावरच्या गावांना स्वच्छ पाणी मिळालेच पाहिजे. २००१ साली हा संपूर्ण परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. जांभ्या दगडाच्या सड्यावरील मातीचा पातळ थर टापांखाली तुडवला जाणे परवडणारे नाही, हेही निर्विवाद आहे. परंतु एक साधी गोष्ट या वादात कोणाच्याच ध्यानात येत नाही. घोड्यावर बसतो तो पर्यटक. घोडेवाला लगाम हाती धरून दिवसभर पायीच चालतो. ज्याला 'घोडेस्वारांचा प्रतिनिधी' म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, तो वस्तुतः त्या वाटेवरचा सर्वांत थकलेला पादचारी आहे!

या वाटांचा इतिहासही बोलका आहे. १८२९ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरची जागा मिळवली. साहेबाच्या फेरफटक्यासाठी डोंगरात घोडवाटा पाडल्या गेल्या. त्या काळात येथे कैदेत असलेल्या चिनी व मलायी बंदिवानांना रस्त्यांच्या कामावर राबवण्यात आले. वाट खोदणारा बेडीत, ओझे वाहणारा पायी आणि हवा खाणारा घोड्यावर, अशी ती व्यवस्था होती. साहेब गेला, व्यवस्था मात्र गेली नाही. घोड्यावरचा माणूस बदलला, एवढेच.

खाली कृष्णाकाठी उतरले की या प्रश्नाचे खरे रूप दिसते. एके काळी तेथेही घोडा होता. तो इनामदाराचा, देशमुखाचा, सावकाराचा होता. घोडा समोरून आला की कुळाने बाजूला व्हायचे आणि अस्पृश्य मानलेल्याने तर वाटच सोडायची, हा गावगाड्याचा अलिखित कायदा होता. घोड्याची उंची ही केवळ जनावराची उंची नव्हती. ती जातीची आणि जमिनीची उंची होती. म्हणूनच दलित नवरदेव घोड्यावर बसून निघाला की देशातील अनेक गावांत आजही दगड उचलले जातात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ सालच्या दुरुस्तीने सार्वजनिक वाटेचा वापर नाकारणे आणि वरातीत घोड्यावर बसण्यास अटकाव करणे, हे दोन्ही अपराध एकाच कलमात गुंफले आहेत. वाटेवरून कोणी कसे जावे हा आपल्या समाजात वाहतुकीचा प्रश्न नसून प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

इनामदाराचा घोडा आज राहिलेला नाही. त्याच्या जागी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला आहे. परंतु पायी चालणाऱ्याने अंग चोरून बांधाला चिकटून उभे राहायचे, हा नियम तसाच आहे. पहाटे भांगलणीला निघालेली शेतमजूर बाई, शाळेची वाट तुडवणारी वस्तीवरची पोरे, पाठीवर विळ्या-कोयत्यांचे बिऱ्हाड घेऊन मराठवाड्यातून आलेला ऊसतोड मजूर यांना मोजणारा कोणताही आराखडा जिल्हा परिषदेच्या कपाटात नाही.

ही वाट अरुंद कशामुळे झाली? जुन्या गाव नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवला जातो, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ फुटांतून डोक्यावर भारा घेतलेली बाई आणि समोरून येणारा घोडा एकमेकांना धक्का न लावता सहज जाऊ शकतात. मग भांडण होते कशाने? ती सव्वाआठ फूट वाट जमिनीवर शिल्लकच राहिली नाही, म्हणून होते. पाणी आले, ऊस आला, गुंठ्याला भाव आला आणि दोन्ही बाजूंचा नांगर दरसाल वीतभर आत सरकत गेला. नकाशावरची वाट उसाच्या सरीत गडप झाली. डोंगरावर हेच काम हॉटेलांची आणि बंगल्यांची कुंपणे करतात. वाट गिळणारा कुंपणाआड निवांत बसतो आणि उरलेल्या दोन फुटांवर दोन गरीब एकमेकांच्या अंगावर जातात!

कायदा कोणाच्या बाजूने आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ तहसीलदाराला बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार देते. पण तो रस्ता मागण्याचा हक्क कोणाला? जमीन धारण करणाऱ्याला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ अडवलेली वाट मोकळी करून देते. पण तीही मुख्यतः शेताकडे जाणारी वाट, आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झाला तर. ज्याच्या नावे सातबारा नाही, ज्याची वाट शेताकडे नव्हे तर मजुरीकडे, शाळेकडे किंवा स्मशानाकडे जाते, त्याने कोणत्या दारात उभे राहायचे? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. मात्र अतिक्रमण करणारा आणि पंचायतीत बसणारा हे पुष्कळदा एकाच भावकीतले असतात. मग ते कलम कागदावरच झोपी जाते.

सरकारला पाणंद रस्त्यांची आठवण झाली आहे, हे खरे. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. २०२५ च्या मे महिन्यात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात व्हावी, असा निर्णय निघाला. ही नोंद स्वागतार्हच आहे. लहान शेतकऱ्यालाही त्याचा माल चिखलातून बाहेर काढायला रस्ता हवा. पण या निर्णयाचे माप कशावरून घेतले? यंत्रावरून. रस्ता रुंद करायचा तो ट्रॅक्टर व कापणीयंत्र जावे म्हणून. पायी चालणारी व्यक्ती या हिशेबात कोठेही नाही. उद्या हे रस्ते पक्के झाले की पादचाऱ्याला पूर्वीपेक्षा वेगाने बाजूला व्हावे लागेल, एवढाच फरक!

विकास म्हणजे वाहनाला रस्ता, अशी समजूत बाळगणाऱ्यांना या दोन जिल्ह्यांचा इतिहास आठवून देणे आवश्यक आहे. माण, खटाव, आटपाडी, जत येथील रस्ते १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी घातले. त्यात बाया-बापड्यांचे हात मोठ्या संख्येने होते. रस्ता ज्यांनी घडवला, त्यांनाच त्या रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नाही. त्याआधी १९४२ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते याच मुलखातल्या आडवाटांनी गावोगाव पोहोचले आणि न्यायदान मंडळांनी गावचे तंटे गावातच सोडवले. पायवाट ही या भूमीत स्वातंत्र्याचीही वाट होती.

सांगली जिल्ह्याने आणखी एक धडा घालून दिला आहे. १९८०च्या दशकात येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणाच्या निमित्ताने समन्यायी पाणीवाटपाचा विचार पुढे आला : पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरावर नव्हे, माणसांच्या संख्येवर ठरावा आणि भूमिहीनालाही तो मिळावा. पाण्याला जे तत्त्व लागू, ते वाटेला का लागू नसावे? पाणी निदान धरणाने अडवावे लागते. वाट तर केवळ चालण्याने तयार होते. तिच्यावर पहिला हक्क चालणाऱ्याचा नाही, तर कोणाचा?

इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील तरुण कामगार किंडर स्काउटच्या डोंगरावर बंदी मोडून चालत गेले. जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेल्या त्या माळावर पाऊल टाकल्यानंतर पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने कायदा करून प्रत्येक पायवाट व घोडवाट अधिकृत नकाशावर नोंदवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तेथे घोडवाटेवर पादचारी व घोडेस्वार दोघांचाही हक्क आहे. १९६८ साली त्या वाटांवर सायकलींना परवानगी मिळाली ती एका अटीवर : सायकलस्वाराने पादचाऱ्याला व घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. जो वेगवान, त्याने थांबावे. जो पायी, त्याने पुढे जावे. भांडवलशाही देशातही हे शक्य झाले, कारण कामगार संघटित होऊन चालले.

म्हणून घोडेवाला विरुद्ध पादचारी या लुटुपुटूच्या लढाईत कार्यकर्त्यांनी पंच होण्याचे नाकारले पाहिजे. माथेरानमध्ये ई-रिक्षावरून घोडेवाले आणि हातरिक्षा ओढणारे एकमेकांसमोर उभे राहिलेले साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहेत. श्रमिकाने श्रमिकाशी भांडावे, यात मालकवर्गाचाच लाभ असतो.

मागण्या स्पष्ट असाव्यात. गाव नकाशावरील प्रत्येक पायमार्गाची मोजणी व्हावी आणि सव्वाआठ फूट रुंदी जमिनीवर पुन्हा आखली जावी. कलम १४३ मध्ये दुरुस्ती करून भूमिहीनालाही वाट मागण्याचा हक्क मिळावा. नव्या पाणंद रस्त्याच्या कडेला पायी चालणाऱ्यासाठी पट्टा राखल्याखेरीज त्यास मंजुरी मिळू नये. महाबळेश्वर-पाचगणीत घोड्यांसाठी वेगळी वाट, लीद उचलण्याची व्यवस्था आणि घोड्यांच्या संख्येला मर्यादा ठरवावी. पण ते घोडेवाल्यांच्या सहकारी संस्थेला बरोबर घेऊन, त्यांच्या पोटावर पाय देऊन नव्हे. त्याच वेळी हॉटेल-बंगल्यांच्या कुंपणांनी गिळलेल्या वाटाही मोकळ्या कराव्यात.

या मागण्यांसाठी मुंबईच्या मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. तलाठ्याकडून गाव नकाशाची नक्कल घ्यावी, शेतमजूर बायांना व वस्तीवरच्या मुलांना बरोबर घेऊन नकाशावरील प्रत्येक तुटक रेषेवरून चालत जावे आणि जेथे ऊस किंवा कुंपण आडवे येईल, तेथे थांबून पंचनामा मागावा. तो पंचनामा ग्रामसभेपुढे ठेवावा आणि कलम ५३ खाली ठराव मागावा. ठराव नाकारणाऱ्यांची नावे गावाला कळू द्यावीत. घोड्यावरच्यांना आणि ट्रॅक्टरवरच्यांना आजवर खाली पाहण्याची गरज पडली नाही. पायी चालणारे एकत्र निघाले की ती पडेल.