विश्लेषण : दिवाळीत घर विकायला काढावं की सण उलटू द्यावेत?

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांची पहिली पानं बिल्डरांच्या जाहिरातींनी भरून जातात. ती पाहून जुना फ्लॅट विकू पाहणाऱ्यांनाही वाटतं की ग्राहक बाहेर पडलाय, आपलंही घर आताच काढावं. पण नव्या आणि वापरातल्या घराचं सणासुदीचं गणित वेगळं असतं. एक घर विकून दुसरं घेणाऱ्या कुटुंबासाठी हे गणित चुकणं महागात पडू शकतं. जुनं घर अडकलं, तर नव्या घराचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

सणात ग्राहक खरंच वाढतात का?

पितृपक्षात अनेक जण टोकन देणं टाळतात. थांबलेले हे व्यवहार घटस्थापनेनंतर मार्गी लागतात. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण, तर बलिप्रतिपदा अर्धा मुहूर्त. त्यामुळे या काळात चौकशी वाढते, हे खरं.

पण मुहूर्तापेक्षा पैशाचं कारण मोठं ठरतं, हे २०२०मध्ये दिसलं. करोनाकाळात राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी मुद्रांक शुल्क कमी केलं. मुंबईत ते ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. सवलत सुरू झाली आणि लगेच पितृपक्ष लागला, त्यापाठोपाठ अधिक मास आला. तरीही त्या सप्टेंबरमध्ये मुंबईतली घरांची नोंदणी आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा वाढली. सवलत संपायच्या आधी, डिसेंबरमध्ये तर झुंबड उडाली.

स्पर्धा कुणाशी?

दिवाळीत रिसेल फ्लॅटची खरी स्पर्धा शेजारच्या फ्लॅटशी नसते, ती बिल्डरच्या ऑफरशी असते. मुद्रांक शुल्क बिल्डर भरणार, मॉड्युलर किचन मोफत, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, अशा सवलती एकट्या विक्रेत्याला परवडत नाहीत.

त्याच्याकडेही जमेच्या बाजू आहेत. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के, तर परवडणाऱ्या श्रेणीतल्या घरावर १ टक्का जीएसटी लागतो. रिसेल घरावर तो लागत नाही. शिवाय लगेच राहायला जाता येतं, म्हणजे भाडं आणि हप्ता असा दुहेरी भार पडत नाही. जाहिरातीत हे ठळकपणे सांगायला हवं.

वेळ कुठे जातो?

घर दाखवणं, टोकन, बँकेकडून कागदपत्रांची छाननी आणि मूल्यांकन, कर्जमंजुरी, मग नोंदणी. यात दीड-दोन महिने सहज जातात. म्हणजे दसऱ्याला नोंदणी हवी असेल, तर घर श्रावणातच बाजारात यायला हवं. ऐन दिवाळीत एजंट गावी, घरात पाहुणे आणि बँका, नोंदणी कार्यालयं सुट्टीवर.

विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज बाकी असेल तर आणखी वेळ लागतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं बँकांना बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. १ डिसेंबर २०२३पासून रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू आहे.

परदेशातून सुट्टीत येणाऱ्यांचं काय?

नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे येऊन आईवडिलांचं घर विकून जायचं, असा अनेकांचा बेत असतो. तो बहुतेकदा टीडीएसवर अडतो. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याचं घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल, तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर ही ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीच्या घरावर साडेबारा टक्के आणि वर अधिभार, उपकर असा टीडीएस कापला जातो. नफा कमी असला, तरी कमी टीडीएसचं प्रमाणपत्र हाती नसेल तर मोठी रक्कम अडकते. प्राप्तिकर विभागाकडून हे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो. म्हणून अर्जाची तयारी विमानात बसण्याच्या बरीच आधी सुरू करावी लागते.

मग कधी काढावं?

पैशांची निकड असेल तर सणासाठी थांबण्यात अर्थ नाही. पितृपक्षाचे पंधरा दिवस कागदपत्रांना द्यावेत. जुने करारनामे, इंडेक्स-२, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र एकत्र करून घटस्थापनेला घर बाजारात आणावं.

घाई नसेल, तर तुळशीच्या लग्नानंतरचा काळ सोयीचा. तोवर बिल्डरांच्या ऑफरचा जोर ओसरलेला असतो. जूनमध्ये मुलांची शाळा बदलायची असलेली कुटुंबं शोधाला लागतात. रेडीरेकनरचे दर साधारणपणे १ एप्रिलला बदलतात, त्यामुळे मार्चअखेरीस नोंदणीची लगबगही असते.

तयारी नसताना मात्र केवळ दिवाळी आहे म्हणून घर काढू नये. महिनोन्‌महिने यादीत दिसणाऱ्या घरात काहीतरी गोम असणार, असं ग्राहक धरून चालतो आणि किंमत तिथूनच पाडून मागतो.