तळ्यावाचून महाल

इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यालगत समुद्रात एक लोखंडी सांगाडा उभा आहे. १८६६ सालचा वेस्ट पिअर, म्हणजे हवा खायला येणाऱ्यांचा फिरण्याचा धक्का. १९७५ मध्ये तो बंद पडला, २००३ मध्ये जळाला. आता लोक सांगाड्याचेच फोटो काढतात. नगरकरांना याचे अप्रूप वाटायला नको. आपल्याकडे याहून जुने प्रकरण आहे. फराहबाग, आपल्या तोंडी फऱ्याबाग. ब्रायटनला वास्तू गेली आणि पाणी राहिले. इथे उलटे झाले.

१५८३ मध्ये पुरा झालेला हा महाल निजामशाहीचे हवा खाण्याचे ठिकाण होता. आधीची इमारत पसंत पडली नाही म्हणून मुर्तजा निजामशहाने ती पाडायला लावली, अशी हकिकत आहे. भोवती तळे, मधोमध घुमटाचे उंच दालन. वैशाखातल्या नगरी उन्हात पाण्यावरून आत येणारी झुळूक, हाच खरा थाट.

हे सारे चालले ते खापरी नळांच्या जिवावर. आसपासच्या गावांकडून जमिनीखालून शहरात पाणी आणणारी ती व्यवस्था लोक विसरले, नळ फुटले, बुजले. सावेडीकडच्या हश्तबेहश्त बागेतल्या महालाभोवतीही असेच तळे होते.

आज फराहबागेत तळे म्हणजे गवताळ खळगा. दालनात मान वर केली की सुटलेला चुना आणि कबुतरे. ज्याने हा महाल पुरा केला तो वजीर सलाबतखान डोंगरावरच्या कबरीत आहे. रविवारी गाड्या भरून तिथे गर्दी होते आणि त्या कबरीला आपण म्हणतो चांदबिबीचा महाल! वरून साऱ्या शहराचा देखावा बघायचा आणि खाली उतरून भेळ खायची. फराहबागेकडे गाडी वळवतो कोण?

सुशोभीकरण म्हटले की आपल्याला रंगीत कारंजी आणि दिव्यांच्या माळा सुचतात. मुर्तजाने पाडायला लावावे, असले काम. त्याआधी खापरी नळांचा माग काढा, उरलेत तेवढ्यांचा नकाशा करा आणि तळ्यातला गाळ उपसा. दिव्यांचे नंतर पाहू.